आधीचा फोटो, नंतरचा फोटो

गरजूंना कानयंत्रं देणाऱ्या संस्थेच्या पत्रकात दोन फोटो शेजारी शेजारी छापायचे, ही प्रसिद्धी सांभाळणाऱ्या ताईंची पद्धत. कानयंत्राआधीचा रडवेला, नंतरचा हसरा. देणगीदार विरघळलाच पाहिजे! पण शिंपीकाकांनी घोळ घातला. आधीच्या फोटोत काका खुदुखुदु हसत होते आणि नंतरच्या फोटोत एरंडेल प्यायल्यासारखं तोंड. पत्रक तासाभरात छापायला जायचं होतं. ताईंनी देवाचं नाव घेतलं आणि फोटोंची अदलाबदल केली. एवढ्याने कोणाचं काय बिघडतंय?

बिघडलं असं, की पत्रक तुफान गाजलं. तिसऱ्याच दिवशी संस्थेचे प्रमुख, सर, धावत आले.

"ताई, जिंकलो! एक बाई शंभर यंत्रं देताहेत. शंभर! उद्या येणारेत, काकांना भेटायला."

ताईंनी आनंदाने टाळी वाजवायला घेतली, ती अर्धीच वाजली. शंभर माणसं वर्षभर यादीत ताटकळत होती. ताईंनी घाईघाईने काकांना फोन लावला.

"काका, उद्या फक्त हसायचं हं!"

"हसतो की. हिला घरी ठेवून येऊ का?"

काकू अर्थातच आल्या. देणगीदार बाईही यजमानांना घेऊन आल्या आणि त्यांनी पत्रक काकांपुढे धरलं.

"केवढा बदल झालाय हो तुमच्यात!"

काकांनी चष्मा लावला. "अहो, हे उलटं छापलंय. हसतोय तो आधीचा. तेव्हा मला काही ऐकू येत नव्हतं."

सरांचा चहा बशीत सांडला.

"आणि आता?" बाईंचा आवाज चढला.

"आता ही दिवसभर बोलते, अन् मला उत्तर द्यावं लागतं!" काकांचा हात कानाकडे गेला.

"काढून तर बघा!" काकू कडाडल्या. "बारा वर्षं भिंतीशी बोललेय मी. आत्ता कुठे माणसाशी बोलतेय."

ताईंना रडूच फुटलं. "फोटो मी बदलले. राग माझ्यावर काढा, यादीतल्या माणसांवर नको."

बाई मात्र काकूंकडेच बघत राहिल्या. मग त्यांनी शेजारी वळून पाहिलं. यजमान मघापासून सगळ्यांकडे बघत प्रसन्न हसत होते.

"पुढच्या पत्रकात खरं काय ते छापा," बाई म्हणाल्या. "आणि शंभर नाही, एकशे एक. यांचा आधीचा फोटो आत्ताच काढून घ्या. हसताहेत तोवर."