डिस्कला जामीन

आमच्या तालुक्यात कंप्युटरची डिस्क जामीनदाराबिगर मिळत न्हाई. पतपेढीचं कर्ज कसं, तसंच. फरक एवढाच, कर्जाच्या जामीनदाराला पैसं भरावं लागत्यात, डिस्कच्या जामीनदाराला ध्येनात ठेवावं लागतं. डिस्कमदी जे जे हाय ते समदं त्येच्या डोक्यात पायजे. डिस्क गेली की जामीनदार तिच्या जागी बसतो. कायदा जुना हाय. कुनाची तक्रार न्हाई.

आन कायदा बरुबरच हाय. कंपनी पाच वर्साची गॅरंटी देती, पन ती भांड्याची. भांडं फुटलं तर नवं भांडं देती. आतल्या दुधाचं काय ते तुमचं तुमी बगा.

माझा दोस्त रंगराव गुजले. स्पीकरवाला. लसूनवाल्याच्या गाड्यावर, भंगारवाल्याच्या टेंपोवर, कचऱ्याच्या गाडीवर जे वाजतंय ते त्येच्या दुकानातनं भरून जातं. आवाज समदा त्येच्या बायकोचा, आनसावैनीचा. गावात जे काय फिरतंय त्येला वैनीचा गळा. रंगा मातूर मुका. म्हंजे बोलता येतंय त्येला, पन बोलत न्हाई. वायर जोडतो, बटन दाबतो, गप बसतो.

गेल्या माघात वैनी गेली. आमच्याकडं कुनी मेलं की रिक्षा फिरती, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की". ते पन वैनीनंच कवाचं भरून ठेवल्यालं, नावाची जागा तेवढी मोकळी. रंगानं नावाच्या जागी सोता नाव घातलं. बाकी समदं तिचं तिनंच गावाला सांगितलं. "अंत्यविधी दुपारी चार वाजता होईल, कृपया वेळेवर उपस्थित राहावे." मानसं येळेवर आली.

मंग कंप्युटरमदली जुनी डिस्क टकटक करायला लागली. जुन्या डिस्कचं ते एक बरं असतंय, मरायच्या आदी सांगती. रंगा माझ्याकडं आला आन म्हनला, "धोंड्या, चल." लई बोलला त्येच्या मानानं. मी मजा बगायला गेलो.

डिस्कवाल्या मुल्लाणीच्या दुकानाभायेर एक बाकडं हाय. तिथं जामीनदार बसल्यालं असत्यात. डिस्का आत काचंत, समद्या काळ्या, बिस्किटाएवढ्या. त्येंच्यात काय बगनार? गिऱ्हाईक येतं ते बाकडं बगतं.

"ही घ्या, पाच वर्षांवाली," मुल्लाणी म्हनला. "माल एक नंबर. सोबत कदम गुरुजी."

रंगानं वाकून इचारलं, "गुरुजी, सकाळी काय जेवला?"

"मला बढती नाकारली," गुरुजी म्हनले. "मी बीएड होतो. तो नव्हता."

"त्यांचं असंच आहे," मुल्लाणी म्हनला. "जुनं पक्कं. नवीन लिहिलं जात नाही."

"दुसरी?"

"ही स्वस्तातली. सोबत भिशीवाल्या पारूबाई."

पारूबाई बाकड्यावर्नंच वरडली, "मी आकडं ठिवीन. कुनाचा हप्ता ऱ्हायला ते इचारा. बोलनंबिलनं ठिवनार न्हाई, आदीच सांगते."

"आन ती तिकडली?"

मुल्लाणी आवाज बारीक करून म्हनला, "तिच्यावर जागा लिहिलीय भरपूर. आत पाव हिस्सा पण नाही. ती नका घेऊ."

तिचा जामीनदार पन तसाच व्हता. एक पुढारी. दोघांची जागा अडवून, पाय पसरून बसला व्हता. मला हसू आवरंना. रंगानं वळून माझ्याकडं बगितलं. बराच येळ बगितलं.

"ह्यो चालंल का?" रंगा म्हनला.

"धोंडीतात्या?" मुल्लाणीनं चष्मा काढला. "रंगराव, तुम्ही शुद्धीत आहात का? ह्यांनी मला सांगितलं, दुकानावर बुलडोझर येतोय. मी सगळा माल डोक्यावर घेऊन भावाच्या घरी गेलो. भरपावसात!"

"आलता की बुलडोझर," मी म्हनलं. "शेजारच्या वावरात. तुमी थांबला न्हाई बगायला."

"बघा! अशा माणसाचा भरवसा काय?"

रंगानं मान हलवली. मंग जल्मात कवा बोलला न्हाई एवढं एका दमात बोलला. "मुल्लाणीभाई, खरं बोलनाऱ्याला काय ध्येनात ठेवावं लागतंय? कायबी न्हाई. घडलं ते सांगायचं. खोटं बोलनाऱ्याला कुनाला काय सांगितलं, कवा सांगितलं, समदं ठेवावं लागतंय. ह्यो हयातभर खोटं बोलतोय. एकदा तरी आपल्याच बोलन्यात गावला का?"

मुल्लाणीनं गल्ल्याखालनं नियमाचं पुस्तक काढलं. त्येनं नियम वाचला, परत वाचला. "खरं बोलायची अट नाहीये," त्यो म्हनला. "न विसरण्याची आहे." आन त्येनं माझ्याफुडं शाईचा डबा सरकवला.

मला वाटलं रंगा मस्करी करतोय. मी अंगठा दिला. रंगानं जल्मात कवा मस्करी केली न्हाई, हे मी इसरलो. जामीनदार म्हनून माझं इसरनं तेवढंच.

मंग समदा आवाज नव्या डिस्कवर भरला, आन उन्हाळाभर मी कानाला हेडफोन लावून बसलो. लसून ऐकला, चादरी ऐकल्या, बोकड हरवल्याचं ऐकलं. "डबा बाटली भंगार" चार तऱ्हेनं ऐकलं, सकाळचं येगळं आन दुपारचं येगळं. दुपारी वैनीचा गळा जरा बसायचा. जामीनदाराला ते पन ठेवावं लागतं. गळा कुठं बसला, श्वास कुठं घेतला, मागं कुत्रं कवा भुकलं.

आन एक पान्याची व्हती. "नागरिकांना कळविण्यात येते की उद्या सकाळी नळाला पाणी येणार नाही, सहकार्य करावे." इथं रंगा बंद करायचं बटन दाबायला इसरला. वैनीला वाटलं झालं. मंग ती घरातल्या आवाजात बोलली, "झालं न्हवं? च्या टाकते. धोंडीभावजी येऊन बसल्याती भायेर, त्यास्नीबी अर्धा कप टाकते. खोटं का हुईना, बोलत्यात तरी. तुमी तर तोंडच उघडत न्हाई. मी येकटीनं किती बोलू?"

फुडं वैनी गप. स्टोव्हचा आवाज. पातेलं. रंगा तिथंच बसल्याला, त्येचा खाकरल्याचा आवाज येतो. बोलत मातूर न्हाई. मंग संपलं.

रंगाला बाकी कशाचं कायबी न्हवतं. लसून गेला असता तर चाललं असतं त्येला. त्येनं डिस्क घेतली ती ह्या एकापायी. रोज दुपारी दुकानाचं दार लोटून त्यो तेवढंच लावायचा आन ऐकायचा.

एक दिवस लाईट गेली. आली. डिस्क आली न्हाई. टकटक न्हाई, करकर न्हाई. मुल्लाणी आला, त्येनं डिस्क तळहातावर घेतली, कानाला लावली.

"गेली," म्हनला. "नव्या डिस्का अशाच जातात. झोपेतल्या झोपेत."

"गॅरंटी?" रंगानं इचारलं.

"आहे की." त्येनं खिशातनं कोरी डिस्क काढून ठेवली. "ही घ्या. पण हिला वेगळा जामीनदार लागेल. तोवर जुन्यांना बसवा. या, तात्या."

मला टेबलाखाली पोतं टाकलं. मनगटाला वायर बांधली. कोऱ्या डिस्कला जामीनदार काय मिळंना. मला वायर बांधल्याली बगितली आन बाकडं त्याच सांजंला रिकामं झालं. कदम गुरुजीसुद्दा गेले, त्येंनी तेवढं नवीन लिवून घेतलं म्हनायचं.

वायट न्हाई. कोपऱ्यात गरम व्हतं, पंखा लावलाय. लसूनवाला येतो, पेन ड्राईव्ह देतो, मी वैनीच्या आवाजात लसून सांगतो. सुरवातीला लोकं वाकून बगायची, आता बगत न्हाईत. आपनहून बोलायचं न्हाई, एवढा एकच नियम मला जड गेला. डिस्क इचारल्याबिगर बोलत न्हाई. आता बी तुमी इचारलं म्हनून सांगतोय.

रंगा दुपारी दार लोटायचा, माझ्याफुडं बसायचा आन म्हनायचा, "पान्याचं लाव."

मी लावायचो. "मी येकटीनं किती बोलू" झालं, की स्टोव्ह, पातेलं, खाकरनं, आन संपलं.

एकदा त्यो म्हनला, "धोंड्या, फुडं काय हाय का?"

माझ्या जिबंवर आलतं. वैनीचा गळा माझ्यात हाय, तिची समदी अक्षरं माझ्यात हायती. एवढंसं जोडलं असतं तर कुनाला कळलं असतं? हयातभर मी न इचारता जोडलं, आन इथं मानूस सोता मागत व्हता.

"न्हाई," मी म्हनलं. "एवढंच हाय."

त्येनं स्टूल जवळ वढलं. मंग म्हनला, "परत लाव."

मी लावलं. "मी येकटीनं किती बोलू" झालं, स्टोव्ह सुरू झाला, आन स्टोव्हच्या आवाजात रंगा बोलला. 

"बोलतो की," म्हनला. "काय बोलू? आज पानी आलतं. दोन घागरी भरून ठेवल्या. तुज्या तुळशीला घातलं." थांबला. "च्या चांगला व्हता त्या दिवशी. मी सांगितलं न्हाई."

मंग खाकरनं, आन संपलं.

दुसऱ्या दिवशी परत तेच. वैनी गप झाली की त्या गपंत रंगा बोलायचा. कुठं जास्त व्हायचं, कुठं कमी पडायचं, मंग हळूहळू गपंच्या मापाचं बसलं. तवा त्येला वाटलं की आता हे ठेवलं पायजे. वैनीचं बोलनं आन त्येचं बोलनं, एकाखाली एक. त्येनं मुल्लाणीला बोलावलं.

मुल्लाणीनं वायर बगितली, माझे डोळे बगितले. "जागा नाही," म्हनला. "भरलेत. ठेवायचं असेल तर काहीतरी काढावं लागेल. लसणाचे जुने भाव काढू?"

"काढा."

"काढले. पुरत नाही. वहिनींचं काही काढायचं?"

"न्हाई."

"मग ह्यांचं स्वतःचं काय शिल्लक आहे ते बघावं लागेल." त्यो बगत ऱ्हायला. "अक्षरओळख आधीच गेलीय." मला थोडं लिवता वाचता यायचं म्हनं, रंगा सांगतो. "शाळा नाही. आईबाप पुसट आहेत, जागा घेत नाहीत. एक मोठं आहे. चाळीस वर्षांचं. ते काढलं तर सगळं आरामात बसेल."

"काय हाय ते?" रंगानं इचारलं.

मुल्लाणीनं त्येच्या कानात सांगितलं. रंगानं वायरीवरला त्येचा हात बाजूला केला.

"नगं," म्हनला. "ऱ्हाऊ द्या."

मला राग आला. जल्मभर मुका असल्याला मानूस आता कुठं तोंड उघडतोय आन ते वाऱ्यावर सोडायचं?

"रंगा, मला इचार," मी म्हनलं. नियमात बसवायचं म्हनून.

"तुला इचारलं," रंगा म्हनला.

"काढ."

"धोंड्या, तुला कळतंय का काय म्हनतोयस?"

"मला समदं कळतंय. अंगठा मी दिलाय. काढ म्हनतो न्हवं?"

मुल्लाणीनं काढलं. दुखलंबिखलं न्हाई. काय काढलं ते काढल्यावर आपल्याला सांगता येत न्हाई, तशी त्येची पद्धतच हाय. रंगाचं बोलनं बसलं, नीट बसलं. आता त्येला सोता बोलायला लागत न्हाई. मी लावतो, वैनी इचारती, त्यो उत्तर देतो. रंगा ऐकतो.

एक बाई डबा घिऊन येती. रोज येती. पोत्यावर माझ्याशेजारी बसती, माझ्याच ताटात जेवती. पयल्या दिवशी मी इचारलं, "कोन गं तू?" तर हसली. म्हनली, "करा, टेबलाखाली बसून बी सोंगं करा." दुसऱ्या दिवशी इचारलं तर म्हनली, "पुरं आता. जुनी झाली ही मस्करी." तिसऱ्या दिवशी हसली न्हाई. रंगाकडं बगितलं तिनं. रंगा भायेर गेला.

रंगा म्हनतो, ती तुजी बायको हाय. रंगा खोटं बोलनारा मानूस न्हाई, तवा असंल.

बाई चांगली हाय. वांगं जरा तिखट करती.