बदाम मधोमध आल्याची तक्रार

घरगुती पदार्थ कशाला म्हणावं, याची व्याख्या अजून कुठल्याही खात्याने केलेली नाही. तरीही व्यवहार सुरळीत चालू आहे, ही आपल्या समाजाच्या समंजसपणाची खूणच म्हणायची. पापड वाकडा, लाडू बसका आणि बरणीवर झाकण दुसऱ्याच बरणीचं असलं, की माणसं डोळे झाकून विश्वास ठेवतात. (फसतातही, पण विश्वासाने.)

कर्जतच्या पद्मजाताईंना हे ठाऊक नव्हतं. महिला मंडळाच्या घरगुती खाऊच्या स्पर्धेसाठी त्यांनी सुक्यामेव्याचं चॉकलेट केलं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाडगं ठेवून चॉकलेटची लादी वितळवली, आत पाण्याचा थेंब जाऊ दिला नाही. बदाम भाजले, अंजीर-जर्दाळू बारीक चिरले, साचा ओट्यावर आपटून बुडबुडे काढले. वड्या निघाल्या त्या चकचकीत, कोपरे धारदार आणि प्रत्येकीत बदाम बरोबर मधोमध. डब्यावर त्यांनी नाव लिहिलं: पद्मजा.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण त्यांच्या हातच्या पदार्थाला त्यांचं नाव कधी लागलं नव्हतं. पाहुणे तृप्त होऊन म्हणत, "मधुकररावांकडे जेवण उत्तम असतं." मधुकरराव मान तुकवून ते स्वीकारत. एकदा तरी कुणी 'हे पद्मजाने केलं' म्हणावं, एवढीच बाईंची इच्छा होती, आणि ती त्यांना आतून जाळत होती.

परीक्षक इंदूबाई खालापूरकडच्या. बचत गट चालवणाऱ्या, वयाने आणि आवाजाने मोठ्या. त्यांनी दोन वड्या खाल्ल्या. (तिसरी पर्समध्ये, सखोल परीक्षणासाठी.)

"पद्मजा, चव एक नंबर हाय गं. पन खरं सांग, कुठल्या दुकानातून आनलीस?"

"अहो, मी केलीत. घरी."

"आनि बदाम समदे मधोमध? घरच्या वस्तूत बदाम कुठं पन जातो. आमी काय घरी करत नाय?"

अतिसुबकतेच्या कारणावरून डबा बाद झाला. पद्मजाताई घरी येऊन ओट्याशी उभ्या राहून रडल्या.

मधुकरराव मोहोपाड्याच्या एका कारखान्यातून, दर्जा तपासणी विभागातून निवृत्त झालेले. मालातले दोष काढण्यात त्यांची हयात गेली होती. (घरचे विषय त्यांच्या अखत्यारीत नव्हते.) त्यांनी चष्मा लावून वडी सर्व बाजूंनी पाहिली आणि निदान केलं, "यात दोष नाही, हाच दोष आहे गं. दोष आणू. पण शिस्तीत!"

त्यांनी निकष ठरवले ते असे: चारातल्या एका वडीचा कोपरा तुटका, बदाम डावीकडे घसरलेला, पण पडेल इतका नाही, वर अंगठ्याचा ठसा, आणि जराशी पांढुरकी झाक, त्यासाठी फ्रिज मधूनमधून बंद ठेवणे. (शेवटच्या निकषाची पूर्तता कर्जतच्या विजेने विनामूल्य केली.)

पण हात ऐकेनात. बदाम सवयीने मधोमध जाऊन बसायचा आणि मधुकरराव म्हणायचे, "ही सरळ आहे. बाद." हात बसायला वर्षं गेली होती, तो बिघडवायला अख्खा आठवडा लागला. बाद झालेल्या वड्या शेजाऱ्यांकडे गेल्या. शेजाऱ्यांनी त्या दुकानाचा पत्ता विचारला.

मंडळाच्या पुढच्या स्पर्धेत इंदूबाईंनी वडी उजेडाकडे धरली आणि त्यांना भरून आलं.

"ही बघा! अंगठा पन दिसतोय. ही खरी बाईच्या हातची. पद्मजा, आता शिकलीस गं तू!"

पहिलं बक्षीस. माईकवरून नाव पुकारलं गेलं, टाळ्या झाल्या. पद्मजाताई मंचावर गेल्या. अंगठा मधुकररावांचा होता. (त्यांचा ठसा जास्त स्पष्ट उमटतो, असं चाचणीत आढळलं होतं.) खाली पहिल्या रांगेत मधुकरराव मान तुकवून अभिनंदन स्वीकारत होते.

इंदूबाईंना मात्र कुणी नावं ठेवू नयेत. त्यांची पद्धत सर्वमान्य आहे आणि आपल्या घरीही रोज वापरली जाते. आज तुमच्या ताटात मऊ, गोल, पापुद्रा सुटलेली पोळी आली, ती तुम्ही मुकाट्याने खाल्लीत. परवा एक करपली, तेव्हा मात्र पहिल्याच घासाला विचारलंत, "ही कुणी केली?"