हसुराम घरत यांचा चौथा गियर

हसुराम घरत लिफ्टमध्ये शिरले की डावा पाय दाबतात. कशावर दाबतात, तर कशावरच नाही, नुसत्या फरशीवर. पाय दाबून "एक" म्हणतात, मग बटण दाबतात. पहिला मजला गेला की "दोन." दुसरा गेला की "तीन." घरत राहतात पाचव्या मजल्यावर, पण चार कधी म्हणत नाहीत. तीन म्हणून गप्प उभे राहतात, कुणी उत्तर देणार असल्यासारखे. दार उघडले तरी क्षणभर उतरत नाहीत. सहाव्या मजल्यावरची नवी सून एकदा त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये होती. तेव्हापासून ती जिन्याने जाते. चांगली बारीक झाली आहे.

सोसायटीच्या सत्यनारायणाला बसले होते. पहिला अध्याय संपला, "एक." दुसरा संपला, "दोन." तिसऱ्याला "तीन." चौथा संपला तेव्हा सगळ्यांचे कान त्यांच्याकडे, आणि हे गप्प. गुरुजींनीच पोथीवरून मान वर करून पाहिले.

मी त्यांना खांदेश्वरला आमची सोसायटी झाली तेव्हापासून ओळखते. मी साताऱ्याकडची. ते इथलेच, जासईकडचे आगरी. शेतात बंदर आले तसे त्यांनी ट्रेलरचे स्टिअरिंग धरले आणि न्हावा शेव्याहून कंटेनर ओढत जन्म घालवला. नाव हसुराम, पण हसताना मी त्यांना पाहिले नव्हते. ते मला वयनी म्हणतात, मी त्यांना भावजी म्हणते. बाकी आमचे पटत नाही. माझे कुणाशीच पटत नाही, तेव्हा त्यात त्यांचा दोष काढू नये.

ते गाडीला गारी म्हणतात. गाडीवर बोलायला लागले की थांबत नाहीत. "गारी बगाची नसते वयनी, आयकाची असते. ती गियर मागते. मागला की द्याचा. आधी दिला त कुथते, उशिरा दिला त बोंबलते." चांगला ड्रायव्हर कोण, याची त्यांची एकच परीक्षा. "शेजारी झोपलेला मानूस गियरला जागा झाला, त ड्रायव्हर कच्चा."

आमच्या पार्किंगमध्ये आता निम्म्या गाड्या ऑटोमॅटिक आहेत. घरत त्यांच्याकडे चातुर्मासातल्या वांग्याकडे पाहावे तसे पाहतात, म्हणजे चांगले असूनही नकोच. "क्लच नाय, गियर टाकाचा नाय, मंग मानूस तिथं कशाला बसलाय? राखन कराला?"

दुसऱ्या मजल्यावरचा कुलकर्णी कंपनीत जातो. तो म्हणाला, "काका, ट्रॅफिकमध्ये पाय दुखत नाही हो."

"पाय दुखाला नको, त चालू पन नको."

पण स्वतः हे गृहस्थ कसे, तर कुणाला गाडीत घेणार नाहीत. ट्रेलर एक दिवस अचानक सोडला, का ते सांगितले नाही, आणि एक जुनी छोटी गाडी घेतली. त्या दिवसापासून डावा हात पँटच्या खिशात. लग्नात खिशात, मयताला खिशात, देवाला नमस्कार एका हाताने. मी म्हणायचे, मिजास बघा. त्यांच्या मुलीलाही, प्रणालीलाही, ते कधी गाडीत बसवत नसत. "पंक्चर हाय," म्हणायचे. मी एकदा दवाखान्यात सोडा म्हणून सांगितले, तर पंक्चर. चारही चाके माझ्यासमोर टम्म फुगलेली होती.

गाडीत बसायची ती एकटी त्यांची बायको, हिरा. नेहमी पुढे, डाव्या सीटवर. नऊवारीचा पदर सोडून मांडीवरून पलीकडे गियरपर्यंत पसरलेला. बसली की राणीसारखी समोर पाहायची. हिराला सही येत नव्हती, अंगठा लावायची. घरत गाडी काढताना मोठ्याने म्हणायचे, "एक, दोन, तीन," आणि त्या काळात गाडी फाटकाबाहेर रस्त्याला लागली की चार आणि पाचही ऐकू यायचे. मी समजायचे, बायकोपुढे ड्रायव्हरकी दाखवतात.

गेल्या वर्षी हिरा त्याच सीटवर गेली. जासईला हळदीला गेले होते, सकाळी परत येताना. छातीत काहीतरी झाले म्हणाले. गाडी रस्त्यात उभी होती. लोकांनी तिला रिक्षात घालून नेले. तेव्हाच मला प्रश्न पडला होता, की स्वतःची गाडी सुरू असताना रिक्षा कशाला? पण मयताच्या घरी असे विचारत नाहीत. मीसुद्धा विचारत नाही.

त्यानंतर ते आकडे गाडीबाहेर आले. आधी जिन्यात, मग लिफ्टमध्ये, मग सगळीकडे. आणि तीनवर थांबले.

माझे घर पहिल्या मजल्यावर, पार्किंगच्या बरोबर डोक्यावर. बाथरूमच्या डक्टमधून खालचा आवाज वर येतो. रोज दुपारी तीनला, सगळी सोसायटी झोपलेली असताना, खाली गाडी सुरू व्हायची. मग पाइपातून बोलल्यासारखा आवाज. "एक." थांबायचा. "दोन." थांबायचा. "तीन." मग नुसते इंजिन. पाच मिनिटे, दहा मिनिटे. गाडी जागची हलायची नाही. मी अंगावर पाणी घेता घेता तांब्या धरून बसायचे, चार ऐकू येईल म्हणून. येत नसे. साबण सुकायचा.

वॉचमनने त्या बाजूला खुर्ची टाकणे सोडले. मला म्हणाला, "आजी, उधर बाई बैठती है."

मी म्हटले, "बसू दे. तुझ्या खुर्चीवर तर नाही ना बसत?"

पण दुसऱ्या दिवशी मीच खाली गेले. मी भुताखेतांना मानत नाही. पाहिले ते सांगते.

पार्किंगमध्ये भर दुपारी संध्याकाळसारखा उजेड असतो. मी खांबाआड उभी राहिले. घरत आले. आधी डाव्या बाजूला गेले. दार उघडून थोडे थांबले, कुणी आत बसेपर्यंत थांबावे तसे. मग वाकून रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून लावला. दार हळूच लावले. फिरून आपल्या जागी बसले. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा खिशातच. इंजिन सुरू. "एक." गियरचा दांडा होता तिथेच उभा. "दोन." दांडा हलला नाही. "तीन."

मग त्यांनी डावीकडे मान वळवली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "तीन, अगो."

रिकाम्या सीटवरचा पट्टा सैल लोंबायला हवा. तो ताणलेला होता. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. ताणलेलाच. मी वर आले आणि घासलेले दुधाचे भांडे पुन्हा घासले.

दिवाळीनंतर प्रणालीने बापासाठी नवी गाडी आणली. ऑटोमॅटिक. पोरगी शहाणी आहे, बापाचा खांदा दुखतो एवढे तिला ठाऊक होते. सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग. चेअरमनची चिठ्ठी आली, रविवारपर्यंत जुनी गाडी काढा. जासईच्या एका भंगारवाल्याशी तिने बोलून ठेवले.

नवी गाडी पाहायला आम्ही सगळे खाली उतरलो. घरत बसले. प्रणाली मागे. तिने सांगितले तसे त्यांनी उजवा हात आडवा नेऊन दांडा एकदा मागे ओढला आणि ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी आपोआप पुढे सरकायला लागली. घरतांनी करकचून ब्रेक मारला.

"मी काय केला नाय! ही कोनाच्या सांगन्यावर चालली?"

"बाबा, ती तशीच असते. ब्रेक सोडला की सरकते."

"मंजे एक तिनी सोताच टाकला?"

"हो."

"न सांगता?"

"हो बाबा. दोन, तीन सगळं तीच टाकते. तुम्हाला काही सांगावंच लागत नाही."

घरतांचा पाय ब्रेकवरच होता. "मंग मी सांगू कोनाला?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसले, खोटे कशाला बोलू. तेवढ्यात गाडीत टिंग टिंग वाजायला लागले. पुढच्या डाव्या सीटचा पट्टा लावलेला नाही म्हणून गाडी ओरडत होती. सीट तर रिकामी. प्रणाली म्हणाली, माझी पर्स आहे तिच्यावर, वजन लागतं तिला. तिने पर्स उचलली. टिंग टिंग थांबले नाही.

"सेन्सर बिघडला वाटतं," प्रणाली म्हणाली. "शोरूमला सांगते."

घरत म्हणाले, "कशाला शोरूम? तिचा पट्टा लाव ना."

कुणी हसले नाही. प्रणालीने मागून हात लांब करून पट्टा लावला. आवाज थांबला. घरत उतरले ते परत त्या गाडीत बसले नाहीत.

शनिवारी सकाळी माझी बेल वाजली. दारात घरत.

"वयनी, उद्या गारी न्याची हाय जासईला. मीच नेनार. तुमी चला."

"मी कशाला? मला पंक्चर गाडी चालत नाही."

त्यांनी डावा हात खिशातून काढला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा पाहिला. बोटे वाळलेल्या शेंगांसारखी आत वळलेली. यार्डात कंटेनर बांधायची साखळी तुटून बसली होती म्हणाले. त्या हाताने सुपारीसुद्धा उचलत नव्हती.

"मग गाडी कशी चालवत होता?"

"मी कुठं चालवत होतो? आमी चालवत होतो."

तेव्हा मला कळले. पदराखाली हिराचा हात गियरवर असायचा. हे क्लच दाबून आकडा म्हणायचे, ती टाकायची. लायसन जाईल, लोक हसतील, पोरगी गाडी बंद करील, म्हणून कुणाला सांगितले नाही आणि कुणाला गाडीत घेतले नाही. पुढे पुढे आकडा म्हणायचीही गरज नव्हती म्हणाले, तिलाच ऐकू यायचे गाडी काय मागते ते. "पन मी म्हनाचो. तिला आयकाला आवराचा."

"मग त्या दिवशी?"

घरत चौकटीला टेकले. "क्लच दाबला, तीन म्हटला. गियर परला नाय. वाटला, तिचा डोला लागला. पुन्ना म्हटला, तीन, अगो. क्लच दाबूनच बसलो. गारी आपोआप थांबली. उजव्या हातानी टाकला असता वयनी, दवाखाना जवल होता. पन मी वाट बगत बसलो." मग म्हणाले, "तीनवर उबी हाय ती. वरीस झाला. भंगारात जान्याआधी एकदा चारवर नेली पाइजे."

उभी आहे ती गाडी की बाई, ते मी विचारले नाही. मी म्हटले, "मला गियर येत नाही."

"तिला पन येत नवता."

रविवारी सकाळी निघालो. हे पोलिसांनी वाचू नये. प्रणाली नव्या गाडीतून मागून येत होती. मी डाव्या सीटवर बसले. पट्टा घरतांनी लावला, नुसता लावला नाही, ओढून पाहिला.

"एक." मी दांडा ढकलला. गाडीने दात खाल्ले.

"वयनी, लाटना नाय तो."

"मग तुम्हीच लाटा."

"दोन." मी दोन्ही हातांनी ओढला. पाठीत कळ आली. घरत वैतागले, मी त्यांच्यावर वैतागले, मागच्याने हॉर्न मारला. दोनवर बोंबलत आम्ही गावाबाहेर पडलो. सिग्नल, पुन्हा एक, पुन्हा दोन. तीन काही ते म्हणेनात. एका बाजूला खाडीचे पाणी, दुसऱ्या बाजूला कंटेनरच्या रांगा. इंजिन रडायला लागले.

"भावजी, ती मागते आहे," मी म्हटले. मलाही ऐकू यायला लागले होते.

घरतांच्या कपाळावर घाम. पुढे डाव्या हाताला एक पिंपळ होता. तिथेच मागच्या वर्षी गाडी थांबली होती, हे त्यांनी सांगितले नाही, तरी मला समजले. त्यांनी क्लच दाबला. गाडी नुसती वाहत गेली. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग आला.

"तीन."

मी ताकद लावून पुढे ढकलला. खर्र करून पडला. गाडी पिंपळाच्या पुढे गेली. गाडीचा आवाज वाढत गेला, पुन्हा मागायला लागली.

त्यांनी क्लच दाबला. "चार," म्हणाले. वर्षाने.

आता पुढचे नीट सांगते. एक, दोन आणि तीन मी टाकले. माझ्या मनगटाला अजून सूज आहे. चारला माझा हात दांड्यावर पोचला नव्हता. घाम पुसायला पदर शोधत होते. दांडा खाली गेला. आवाज नाही, धक्का नाही. दुधावर साय धरते तसा गियर पडला आणि गाडी एकदम शांत झाली.

मी हात मांडीवर ठेवला. रस्ता सरळ होता. विचारावे म्हणून मी तोंड उघडले, "भावजी, आत्ता..."

घरतांनी समोरून नजर काढली नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिले.

"हलू बोला, वयनी," ते म्हणाले.