कुठं म्हणून विचारायचं नाही

“आठ पाचची गाडी. सातला घर सोडायचं, साडेसातला स्टेशन. आवं, अख्खी पलटण नदीपार नेलीय म्या! एका माणसाला बोटीवर बसवायला असं काय लागतंय?”

कोरेगावच्या हवालदार लालासाहेबानं ही गर्जना आपल्या अंगणात केली. पलटण नदीपार नेली होती ती मेजरसाहेबानं. लालासाहेब तेव्हा खेचरांच्या मागं होता. पण खेचरं काही कोरेगावात साक्षीला येणार नव्हती, त्यामुळं बाजूच्या चौघांनी माना डोलावल्या.

ज्याला बोटीवर बसवायचं होतं तो पिएत्रो शेजारीच बसून गुळाच्या खड्याचा वास घेत होता. हा इटलीचा शेतकरी. चव्वेचाळीस साली लढाईत लालासाहेबाच्या पायात गोळी शिरली, तेव्हा पिएत्रोच्या आईनं त्याला नऊ दिवस आपल्या स्वयंपाकघरात ठेवून मक्याची पेज भरवली होती. आता एकोणपन्नास साली पिएत्रो निघाला होता ऑस्ट्रेलियाला, भावाकडं ऊसतोडीला. वाटेत मुंबई लागते म्हटल्यावर दोस्ताला भेटायला उतरला आणि पुढच्या बोटीपर्यंत तीन आठवडे राहिला. गावानं त्याचा पेत्रू करून टाकला. तो गावाकडं टकामका बघायचा, गाव त्याच्याकडं बघायचं. त्यानं भाकरी मोडली की उंबऱ्यात वीस माणसं!

बोट परवा दुपारी बाराला सुटणार होती. ती चुकली तर पुढची तीन महिन्यांनी, आणि तोवर तोड सुरू होऊन भावानं धरून ठेवलेली जागा दुसऱ्या कुणाला गेली असती. म्हणून लालासाहेबानं एवढा वेळापत्रकाचा घाट घातला होता. त्यात एकच गोष्ट तो धरायला विसरला. आपली आई.

अंबूबाईच्या घरात निघणाऱ्या माणसाला ‘कुठं’ असं विचारायची सोय नव्हती. तिचा नवरा एकदा बैल आणायला निघाला असता कुणीतरी ‘कुठं?’ म्हणालं, आणि तो बैलाशिवाय आला तो आलाच, वर वहाणाही हरवून आला. तेव्हापासून नियम पक्का. फार तर ‘लांब?’ एवढं विचारावं. कुणी ‘कुठं’ म्हणालंच तर घरात परत यायचं, बसायचं, गूळपाणी घ्यायचं आणि नव्यानं निघायचं. आणि निघताना आपणहून गावाचं नाव सांगायचं, तेही नाही.

दुसऱ्या दिवशी बरोब्बर सातला पेत्रूची पेटी उचलली. उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच शेजारचा हंबीरराव तोंडातली काडी काढून म्हणाला, “का पाव्हणं, कुठं निघालासा?”

“माघारी फिर!” अंबूबाई कडाडली.

गूळ झाला, पाणी झालं. परत निघाले. कोपऱ्यावर साळूबाई घागर घेऊन उभी! “आगं बया! पेत्रू कुठं चालला गं?”

पुन्हा माघारी. पेत्रूला हा रिवाज फार आवडला. त्यानं तीन आठवड्यांत उचललेल्या चार शब्दांत कारण विचारलं. लालासाहेबानं घड्याळाकडं बघत पलटणीतल्या हिंदुस्थानीत कसंबसं समजावलं, “किदर पूछा तो काम खलास. कभी नहीं पूछना.” पेत्रूनं गंभीरपणे मान हलवली.

साडेसात झाले. जर्मनांपुढं मागं न हटलेला लालासाहेब आईपुढं काय बोलणार? त्यानं चुलतभावाला, गुंडाला, सायकलवर पुढं पिटाळलं. “गड्या, समद्यास्नी सांग, कुणी कुठं म्हणून इचारायचं न्हाई!”

इथंच घात झाला. तोवर अर्ध्या गावाला पाहुणा निघाल्याचा पत्ता नव्हता. गुंडा ओरडत गेला, “लालासायबाचा पाव्हणा निघालाय! कुठं म्हून कुणी इचारायचं न्हाई!” आणि माणसं भराभर बाहेर पडली. विचारायचं नाही म्हणजे? असं आहे तरी काय? कुणी म्हणालं, सरकारी खलबत आहे. कुणी म्हणालं, सोन्याची खाण आहे. हां हां म्हणता वाट माणसांनी भरून गेली. ‘कुठं’ मात्र कुणीही म्हणालं नाही. गाव शहाणं!

“पाव्हणं, तिकडं थंडी हाय का वं?”

“तिथली मानसं भात खात्यात का भाकरी?”

“आज दिस बुडायच्या आत पोचाल व्हय?”

“वाटंत पानी लागतंय का?”

अंबूबाईला हरकत घेता येईना. उलट प्रत्येक प्रश्नाला ती स्वतःच कान टवकारून पेत्रूच्या तोंडाकडं बघायची. तीन आठवडे तिनं जिभेला गाठ मारली होती, पण जीव तिचाही उत्सुकच!

अशी वरात स्टेशनावर पोचली तेव्हा आठला दोन मिनिटं कमी होती. खिडकीतल्या बाबूनं तोंड उघडायच्या आत लालासाहेबानं ‘पुणे, दोन’ लिहिलेली चिठ्ठी आत सरकवली. शाबास रे हवालदार! पण फलाटावर येऊन बघतो तर क्रॉसिंग लागलेलं. एक पुण्याकडची, एक मिरजेकडची, दोन गाड्या दोन्ही रुळांवर फुसफुसत उभ्या. आणि चाळीस माणसांच्या गर्दीत इंजिन कुठल्या टोकाला आहे हेही दिसेना.

पॉइंट्समन धुळा झेंडी घेऊन उभा होता. लालासाहेबानं विचारलं, “धुळा, आमची गाडी कंची रं?”

“कुठं जायाचं त्यावर हाय की!”

“बस खाली!” अंबूबाईनं तांब्या पुढं केला. ती पाणी घरूनच घेऊन आली होती.

पेत्रू आज्ञाधारकपणे पेटीवर बसला आणि पाणी प्याला. शिट्टी झाली. लालासाहेबानं धुळाची झेंडी धरली. “धुळा, नीट सांग, कंची?”

धुळा दोन पावलं मागं सरला. “म्या न्हाई बा इचारत आता. दोनी गाड्या चांगल्या हायत.”

पलटणीत माणसानं एक शिकावं, खात्री नसली की आवाज चढवावा. “चल, यही है!” असं गरजत लालासाहेबानं जवळच्या डब्यात पेटी फेकली, पेत्रूला ढकललं आणि स्वतः चढला. गाडी सुटली. फलाटावर अंबूबाईनं पदर डोळ्यांना लावला. गाव ओरडलं, “लांबचा प्रवास, जपून!”

“बघितलंस? टाइम म्हंजे टाइम,” असं म्हणून पहाटे तीनपासून जागा असलेला लालासाहेब बाकावर आडवा झाला आणि घोरू लागला. पेत्रूनं खिडकी धरली. पुढं डब्यात आष्ट्याचा एक गूळवाला चढला. त्याच्याशी पेत्रूनं हातवारे करून काकवी, चुलवण, गुऱ्हाळ अशी सगळी चौकशी केली.

पाच तासांनी गाडी थांबली, डबा रिकामा झाला, आणि लालासाहेबानं डोळे उघडले. समोर पाटी होती.

मिरज!

त्यानं डोळे चोळले. पाटी हलेना.

“पेत्रू! आरं, ये तो उलटा आया! तेरे को समझा नहीं?”

“समझा,” पेत्रू शांतपणे म्हणाला. “मैं किसान. सूरज गलत बाजू. पहले स्टेशन से समझा.”

“मग इचारलं का न्हाईस मर्दा, कुठं चाललो म्हून?”

पेत्रूनं दोन्ही हात कानांना लावले. “किदर नहीं पूछना. काम खलास. अम्मा बोला.”

दीडची गाडी पुण्याकडं परत निघाली तेव्हा लालासाहेबाचा जीव बोटीपेक्षा कोरेगावच्या स्टेशनात जास्त अडकला होता. साडेसहाला गाडी तिथं थांबणार! सकाळी वाजतगाजत गेलेला हवालदार संध्याकाळी उलट्या दिशेनं येताना दिसला तर गाव जन्मभर सोडणार नाही. त्यानं अलीकडच्या रहिमतपूर स्टेशनातच खिडकीची झडप ओढली, आपला फेटा पेत्रूच्या डोक्याला गुंडाळला आणि स्वतः बाकाखाली शिरला. गाडी कोरेगावात दहा मिनिटं उभी राहिली. पेत्रू झडपेच्या फटीतून बाहेर बघत होता. “अम्मा को राम राम?” त्यानं विचारलं. “गप!” बाकाखालून उत्तर आलं.

बोट मिळाली. शिडी उचलता उचलता मिळाली, पण मिळाली! पेत्रूनं वरून हात हलवला आणि लालासाहेब छाती काढून घरी परतला.

“गावली बोट?” अंबूबाईनं विचारलं.

“न गावून कुठं जाती? सगळं टायमावर.”

“मग आता इचारते. कुठं गेला माझा पेत्रू?”

“आस्ट्रेलियाला.”

“लांब?”

“लय लांब, आई. समुद्रातनं तीन आठवडे.”

अंबूबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. “म्हंजे परत न्हाई येत त्यो.” मग हळूच म्हणाली, “धुळा सांगत हुता, त्या सांजच्या गाडीत एक फेटेवाला गोरा बसला हुता. फेट्यानं नाक झाकत न्हाई म्हणं. धा मिंटं उभी हुती न्हवं गाडी?”

लालासाहेब फेटा सोडून पुन्हा बांधू लागला.

“मी घरातच हुते रं. भाकरी थापत. पळत आले असते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेब मळ्याकडं निघाला. उंबऱ्यापाशी गेला तोच मागून गल्लीभर ऐकू जाईल असा आईचा आवाज आला, “कुठं निघालास रं?”

तो मुकाट्यानं आत येऊन बसला. असं पंधरा दिवस चाललं.