पेशकारसाहेबांचा वाघ

कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली की आमच्या बेगमपुऱ्यातले पेशकारसाहेब वाघाला समन्स बजावायला निघत. समन्स हा त्यांचाच शब्द. डोक्याला पंचा, खांद्यावर पाण्याची कापडी छागळ, हातात छत्री. बंदूक नाही, काठीसुद्धा नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, "गवाहाला आणायला जाताना कुणी बंदूक नेतं का?"

नाव नारायणराव, पण गल्लीत ते कुणाला माहीत नव्हतं. निजामाच्या काळात ते उर्दू कोर्टात पेशकार, म्हणजे न्यायाधीशापुढं कागद ठेवणारा कारकून, म्हणून लागले. पोलीस अ‍ॅक्शननंतर कोर्टाची भाषा बदलली, कागद बदलले, साहेब काही बदलले नाहीत. बायकोनं भाजीत मीठ जास्त टाकलं तर म्हणत, "जुर्म साबित." जेवायला उशीर झाला तर पेशी, म्हणजे सुनावणी, मुलतवी. मी शेजारचा शाळामास्तर, त्यामुळं माझी पेशी रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर असे.

वाघ शोधायची त्यांची एक ठरलेली रीत होती. आपला मुलूख कोरडा. मे महिन्यात कन्नड तालुक्यातल्या डोंगरात सगळे ओढे आटतात, एखाद्याच डोहात पाणी उरतं. त्या पाणवठ्यावर जाऊन बसायचं. "एकच दरवाजा आहे, मास्तर. येईल, न येऊन कुठं जाईल?" अशी वीस वर्षं ते बसले. नीलगाय आली, तरस आलं, एकदा कुणाची तरी हरवलेली म्हैस आली. एकदा चक्क बिबट्या आला, पाणी प्यायला आणि गेला. दुसरा असता तर गावभर सांगत फिरला असता. साहेबांनी वहीत लिहिलं, "हा इसम तो नव्हे."

त्यांना पट्ट्यांचाच वाघ पाहिजे होता, आणि तोही पाठमोरा. याचं कारण त्यांची थोरली बहीण आक्का. लहानपणीच विधवा झालेली ही बाई त्यांच्याच घरी असायची, आणि साहेबांना लहानाचं मोठं तिनंच केलं होतं. सोयगावाकडं यांचं मूळ घर. आक्का बारा-तेरा वर्षांची असताना डोंगरात सरपणाला गेली आणि धावत परत आली. म्हणाली, वाघ पाहिला. पार जवळून गेला, त्याच्या दोन्ही कानांमागं एकेक पांढरा ठिपका होता. झालं, सगळं घर हसलं. वाघाच्या कानामागं कुणी बघतं व्हय? तिच्याबरोबर पाच वर्षांचा नारायण होता. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मला काय दिसलं नाय." तेव्हापासून त्या घरात कुणी थाप मारली की म्हणायचे, हा आक्काचा वाघ. लग्नकार्यात, बारशात, जिथं चार नातेवाईक जमले तिथं आक्काचा वाघ निघायचाच. आक्कासुद्धा त्यांच्याबरोबर हसायच्या.

एकदा शहरात सर्कस आली. मी म्हणालो, साहेब, चला, ठिपका बघून टाकू, काम फत्ते. ते तंबूच्या दारापर्यंत आले आणि तिथंच थांबले. "पिंजऱ्यातला म्हणजे कैदी. कैद्याची गवाही मला चालत नाही." मग मी एकटाच आत गेलो आणि विदूषक बघून आलो. वाघ समोरच तोंड करून बसला होता, त्यामुळं माझाही काही उपयोग झाला नाही.

त्या वर्षी श्रावणात आक्कांनी अंथरूण धरलं. ताप उतरला, पण त्या उठून बसेनात. साहेबांचं बोलणंच कमी झालं. मग एका संध्याकाळी मला म्हणाले, "मास्तर, तारीख जवळ आली. आपल्या डोंगरात आता वाघ उरला नाही. तुमचा मेव्हणा कुठं असतो म्हणालात?"

माझा मेव्हणा कारवारकडं लाकडाच्या डेपोत होता. तिथलं जंगल म्हणजे बारमाही हिरवं, भर दुपारी अंधार, वाघ आणि भले मोठे नाग. मला यातलं काही बघायचं नव्हतं. पण साहेबांना नाही म्हणणं माझ्या बायकोला जमलं नाही, आणि तिनं माझा डबा भरला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. स्टेशनवर बघतो तर साहेबांच्या खांद्यावर चार छागळी, चारही बेगमपुऱ्याच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या. दोन माझ्या गळ्यात घातल्या. "जंगलात जायचं आणि पाणी न्यायचं नाही? लई शहाणे आहात."

तिथं पोचलो तर पाणी झाडावरून गळत होतं, पायाखालून वाहत होतं, अंथरुणात मुरलं होतं. बसप्पा नावाचा फॉरेस्ट गार्ड आमच्याबरोबर होता. त्याला मोडकीतोडकी मराठी येई. त्यानं आधी छागळींकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी दुसरीकडं बघितलं.

"पाणवठा कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

बसप्पाला प्रश्नच कळेना. "पाणी? हे काय, सगळीकडं पाणीच."

साहेबांनी त्यातल्या त्यात एक ओढा पसंत केला आणि खडकाआड ठाण मांडलं. तीन दिवस आम्ही तिथं बसलो. पहिल्या दिवशी जळवा आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे नातेवाईक आले. तिसऱ्या दिवशी एक बेडूक साहेबांच्या छत्रीवर येऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत हलला नाही. शेवटी बसप्पा म्हणाला, "साहेब, असे शंभर ओढे आहेत. वाघ तुमच्याच ओढ्यावर का येईल?"

साहेबांनी छत्री मिटली. वीस वर्षांची रीत, तिथं एका वाक्यात निकाल लागला. मी वीस वर्षांत त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता, आणि खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. ते एवढंच म्हणाले, "इथं दरवाजे शंभर आहेत, मास्तर. आपला दावा खारीज."

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही लाकडाच्या गाड्यांच्या वाटेनं परत निघालो. त्या जंगलात कोरडी म्हणावी अशी तेवढी एकच जागा. साहेबांना तहान लागली. शेजारी ओढा खळखळत होता, पण हे पिणार बेगमपुऱ्याचंच पाणी. म्हणून वळणावर थांबलो. मी छागळीचं बूच काढतोय, तोच बसप्पानं माझा दंड धरला. ओल्या झाडीचा कंटाळा वाघालाही येतो म्हणे. तीस पावलांवर तो झाडीतून वाटेवर उतरला होता. आमच्याकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही, वळला आणि पाठ करून चालू लागला.

नंतर साहेब वाटेतच खाली बसले. डोळे वाहत होते. "दोन ठिपके. पांढरेशुभ्र. कानांमागं, जसं ती म्हणाली तसंच. मास्तर, पाहिलेत ना तुम्ही?"

"व्हय," मी म्हणालो.

घरी आलो तर आक्का ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या, उशीला टेकून का होईना, पण बसल्या होत्या. साहेबांनी सगळ्या घराला ओट्यावर बोलावलं. पायांवर जळवांचे डाग तसेच, तोंडावर आठ दिवसांची दाढी. कोर्टात उभं राहावं तसे उभे राहिले आणि खरं सांगेन, खोटं सांगणार नाही म्हणून सगळी हकीकत सांगितली. पन्नास वर्षं हसलेल्या घरात कुणी हसलं नाही.

मग ते आक्कांकडं वळले. "आक्का, एक राहिलं. त्या दिवशी मी डोळे मिटले होते. चश्मदीद गवाह मी एकटाच होतो, आणि मी घाबरून डोळे मिटले. लाजेनं ते सांगितलं नाही. दिसलं नाय म्हणालो, आणि तू खोटी पडलीस."

"मला ठावं व्हतं की," आक्का म्हणाल्या. "माझ्या पदरात तोंड खुपसलं व्हतंस. थरथर कापत व्हतास."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पाच वर्साचं लेकरू. भेकड भेकड म्हणून तुलाच चिडवलं असतं. मला चिडवत व्हते, त्यानं माझं काय बिघडत व्हतं?"

साहेब खाली बसले आणि त्यांनी आक्कांच्या मांडीवर डोकं ठेवलं. पन्नाशी उलटलेला माणूस, पण आक्का त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. थोड्या वेळानं माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मास्तर, तुमी बी पाहिला न्हवं? लई देखणा असतो का नाय?"

सगळं घर माझ्याकडं बघायला लागलं. साहेबांनीही मान वर केली.

"आक्का," मी म्हणालो, "मी डोळे मिटले होते."

आक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग उशीखालून खडीसाखरेची पुडी काढली, एक खडा भावाच्या हातावर ठेवला आणि एक माझ्या.