तटबंदी आणि चार्जर

लॅपटॉप काही केल्या चार्ज होईना, आणि गंगाधररावांची आयुष्यभराची अब्रू नेमकी त्याच लॅपटॉपमध्ये अडकून बसली होती.

झालं होतं असं. त्यांच्या तरुणपणी लोणावळ्याच्या गणेशोत्सवात मंडळानं ऐतिहासिक नाटक बसवलं होतं. ऐन लढाईत गडाचा तट, म्हणजे बांबूंवर ठोकलेलं रंगवलेलं गोणपाट, खाली यायला लागला. कुणीतरी तो पाठीवर पेलला म्हणून प्रवेश पार पडला. "तो मी!" असं सरदार झालेले गंगाधरराव तेव्हापासून सांगत आले. "ह्यॅ! त्यो मी!" असं किल्लेदार झालेला सोमाटण्याचा अंबाजी. आता मंडळाचा सुवर्णमहोत्सव होता, आणि आज संध्याकाळी तट पेलणाऱ्याचा सत्कार. शाल एकच! त्यात कुणाच्या तरी ट्रंकेत त्या प्रवेशाची निगेटिव्ह सापडली. गंगाधररावांच्या लेकीनं, कौमुदीनं, त्या निगेटिव्हचा फोटो करून लॅपटॉपवर टाकला आणि बजावलं, "बाबा, मोबाईलवर पाठवणार नाही. तुम्ही आणि अंबाजीकाका, दोघं मिळूनच बघा."

तर जेवणं आटोपून अंबाजी कुसगावला त्यांच्या घरी हजर झाला. मोकळ्या हातानं येणाऱ्यातला तो नव्हे. रिक्षातून घरच्या इंद्रायणी तांदळाचं पोतं उतरवून त्यानं ते दिवाणखान्यात टेकवलं.

"उघड तुझं दप्तर," तो म्हणाला. "आज निकाल लागू दे."

गंगाधररावांनी चार्जर लावला. दिवा लागला नाही. डोक्यावर पंखा फिरत होता, ट्यूब जळत होती, तेव्हा लाईट असण्याबद्दल शंकाच नव्हती. मग प्लग खराब असणार! टीव्हीची पिन काढून तिथं लावून पाहिला, मिक्सरची काढून ओट्यावर लावला, पार गीझरपर्यंत जाऊन आले. जाईल तिथं सगळी बटणं खालीवर करून बघितली आणि पिना पुन्हा जिथल्या तिथं खोचल्या.

"चार्जर गेला," त्यांनी जाहीर केलं.

शेजारचा श्रीयश ऑफिसला गेला होता. त्याच्या आईकडून त्याचा चार्जर मागून आणला. तोही ढिम्म.

"म्हंजी बिघाड आतच हाये," अंबाजीनं लॅपटॉपवर टिचकी मारली. "सर्दी धरली ह्यानं. तुमच्या लोणावळ्याच्या हवेत पापड मऊ पडत्यात, ह्याची काय कथा? आमच्या पोराचा मोबाईल हिरीत पडलाता. तांदळात पुरला, तवा बोलाय लागला."

एरवी गंगाधररावांनी हे कानाआड केलं असतं. पण माणूस अडला की अंबाजीचंसुद्धा ऐकतो. लॅपटॉप पोत्यात गेला. वर दोन ओंजळी तांदूळ लोटून दोघे पोत्याच्या दोन बाजूंना राखणीला बसावेत तसे बसले. गंगाधररावांच्या पत्नी अरुंधतीबाई समोर मटार सोलत होत्या. त्यांनी एकदा पोत्याकडं पाहिलं, एकदा पंख्याकडं पाहिलं आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या.

बसल्या बसल्या जुनं निघालंच.

"तुझी मिशी आठवते?" गंगाधरराव म्हणाले. "डिंक कमी पडला म्हणून गुळाच्या पाकानं चिकटवली होती."

"आन् मुंग्या लागल्या! मी गडावर हुबा आन् नाकाखाली मुंग्यांची फौज!" अंबाजी हसता हसता खोकायला लागला. "वैनी पडद्याआडून वाक्यं सांगायच्या. तू वैनींकडंच बघायचास आन् वाक्य इसरायचास."

"मुद्दाम विसरायचो रे. तिचा आवाज ऐकायला मिळायचा."

अरुंधतीबाईंच्या हातून दोन मटार घरंगळले. गंगाधररावांना एकदम भरून आलं. ते दिवस, ती माणसं, रंगाचा तो उग्र वास. त्यांच्या पाठीला त्या तटाचं ओझं आजसुद्धा जाणवायचं, अगदी खरं जाणवायचं!

तेवढ्यात मंडळातून फोन आला. "काका, कुणाचं नाव पुकारायचं?"

"दहा मिनिटांत सांगतो," म्हणत त्यांनी लॅपटॉप उपसून काढला. तो आता अंगभर पिठूळ झाला होता, आणि चार्जरची पिन आत शिरेचना. भोकात तांदळाचा दाणा बसला होता! अरुंधतीबाईंच्या पदराची पिन घेऊन दोघांनी तो डोळे बारीक करकरून कोरला. दाणा सुटला, चार्जर बसला आणि त्याच क्षणी घरात हलकल्लोळ उडाला. टीव्हीवर कुणीतरी किंचाळलं, स्वयंपाकघरात मिक्सर घरघरला आणि बिनझाकणाच्या भांड्यातली चटणी छतापर्यंत गेली. अंबाजी पोत्यामागं दडला.

"लाईट आली," अरुंधतीबाई शांतपणे म्हणाल्या आणि मिक्सर बंद करून आल्या. "आज गुरुवार. दर गुरुवारी दुपारी जातेच की. पंखा नि ट्यूब इन्व्हर्टरवर चालतात."

"अगं, मग सांगायचं नाही?"

"म्हटलं, फोटो दिसला की वाद मिटणार. वाद मिटला तर तुम्ही दोघं उद्यापासून बोलणार काय?"

लॅपटॉप सुरू झाला. विंगेतून काढलेला फोटो पडद्यावर आला. पुढं सरदार आणि किल्लेदार, तलवारी उगारून, तोंडं वासून, तटापासून चांगले लांब. आणि मागं, सबंध तट पाठीवर घेऊन, नाटकाची वही दातांत धरून उभी असलेली दोन वेण्यांची अरुंधती.

गंगाधररावांचा हात आपसूक पाठीकडं गेला.

"इतकी वर्षं बोलली नाहीस?" त्यांनी विचारलं.

"दोघं इतके रंगून सांगत होतात. माझं मन नाही झालं."

पुन्हा फोन वाजला. "अरुंधती," गंगाधरराव फोनमध्ये म्हणाले. "हो, आमचीच. शाल तिला." त्यांनी फोन ठेवला. दोघे म्हातारे पोरक्यासारखे एकमेकांकडं बघत बसले. अंबाजीनं फोटोवर नाक टेकवलं.

"गंग्या," तो हळूच म्हणाला, "पर त्यो तट पाडला कुनी?"

"कुणी म्हणजे? तुझीच ढाल लागली!"

"माजी? आरं, तुजी तलवार आडकली हुती गोणपाटात!"

अरुंधतीबाईंनी सुस्कारा सोडला आणि चहा टाकायला उठल्या.