तात्यांची रॅमची चाळ

कॉम्प्युटरची रॅम दर शनिवारी वारा खायला बाहेर काढणारा माणूस पृथ्वीवर एकच. तो सातपूरला माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून बसतो. रंगनाथतात्या.

तात्या मूळचे चांदवडचे. घरात सात पिढ्या कांदा. हवेशीर कांदाचाळीत माल भरायचा आणि भाव चढेपर्यंत दम धरायचा, हे बाळकडू. पुढे शेती भावाकडे सोपवून तात्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, पण हात कांद्याचेच राहिले. रॅम मातीमोल झाली तेव्हा त्यांनी पट्ट्या एवढ्या भरल्या, की गिऱ्हाईक आडवं होऊन आत शिरायचं. फळ्यांत फटी ठेवून मांडणी ठोकली. माल खालीवर करताना एखादी पट्टी हुंगूनही बघायचे.

"तात्या, हिला काय कोंब फुटणार आहेत?"

"भाऊ, माल तो माल. वारा लागला पायजे."

जगाचं राजकारण तात्यांइतकं सोपं कुणी सांगितलं नाही. "कोरियावाल्यानं साधी रॅम लावायचीच कमी केली. एआयवाले त्याला भारी मालाचे लय पैसे देतात. चीनवाला नवा शेतकरी, धबाधब पिकवतो. पण अमेरिका त्याची गाडी मार्केटात लागू देत नाय. मग भाव चढणार नाय तर काय?"

रोज सकाळी दहाला तात्या तैवानला फोन लावायचे. मुलगा सचिन तिथे चिपच्या कंपनीत नोकरीला. त्याची जेवणाची सुट्टी तेव्हाच. स्पीकरवर अख्खी गल्ली ऐकायची. "आज काय भाव निघाला रे?" सचिन आकडा सांगायचा. मग "जेवलास का?" "हो." संपला फोन.

यंदा भाव असा उसळला, की मुंबईचा व्यापारी गाडी घेऊन दारात. खरेदीच्या चौपट द्यायला तयार. मी ओरडलो, "तात्या, द्या! नव्या जातीची रॅम आली की ही कुणी फुकट नेणार नाही!"

तात्यांनी घड्याळ पाहिलं. दहा. फोन लावला.

"विका तात्या, सगळं विका," सचिन म्हणाला. "चला, माझीही रोजची भाव बघायची कटकट सुटली!"

तात्यांनी एक पट्टी उचलून परत फळीवर ठेवली. मग विचारलं, "जेवलास का?"

"हो."

फोन ठेवून ते व्यापाऱ्याकडे वळले. "माल नाय द्यायचा. अजून चढंल."

गाडी रिकामी गेली. मी तात्यांना तोंडाला येईल ते बोललो. पोरगा सांगतोय, बाजार सांगतोय, मग अडलंय कुठे?

तात्या चष्मा पुसत राहिले.

"माल गेल्यावर, भाऊ, त्याला फोन काय म्हणून लावायचा?"